दोन वर्षांचं एमबीए, पदवीनंतर दीड वर्ष वापरून

प्रवेशाची सीईटी आणि कॅप राउंड, समर्स म्हणजे उन्हाळी इंटर्नशिप, प्लेसमेंट हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. हे लिहायला निमित्त एकच, शैक्षणिक कर्जाचा हप्ता. १२ लाखांचं कर्ज घेतलं की हप्ता १२ लाखांवर बसत नाही, आणि प्रवेशाच्या गडबडीत हे कुणी नीट मांडून दाखवत नाही.

दर ९.५ टक्के धरा. बँक सगळी रक्कम एकदम देत नाही. चार सेमिस्टर, दर वेळी ३ लाख थेट कॉलेजच्या खात्यात. मोरॅटोरियम, म्हणजे हप्ता भरावा लागत नाही तो काळ, कोर्सची दोन वर्षं आणि पुढे एक वर्ष, एकूण ३६ महिने. या काळात बहुतेक सरकारी बँका सरळव्याज लावतात. ३ लाखांच्या एका टप्प्यावर महिन्याला २,३७५ रुपये. पहिला टप्पा ३६ महिने व्याज खातो, दुसरा ३०, तिसरा २४, चौथा १८. बेरीज २,५६,५००. हे सगळं शेवटी मुद्दलात मिसळतं आणि हप्ता १४,५६,५०० वर बसतो. दहा वर्षांसाठी महिन्याला सुमारे १८,८४७ रुपये. व्याज वेळच्या वेळी भरलं असतं तर तोच हप्ता १५,५२८ आला असता. महिन्याला ३,३१९ चा फरक, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ ४ लाख.

शिकताना विद्यार्थ्याकडे पैसे नसतात, हे मान्य. पण खरा घोळ तिसऱ्या वर्षात होतो. नोकरी लागलेली असते, पगार सुरू असतो, बँक काही मागत नाही, म्हणून कुणी काही भरत नाही. या बारा महिन्यांत दरमहा ९,५०० प्रमाणे १,१४,००० व्याज चढतं. फक्त तेवढं पहिल्या पगारापासून भरलं, तरी पुढचा हप्ता १,४७५ रुपयांनी कमी होतो. ‘आत्ता भरायची गरज नाही’ असं शाखेत सांगतात ते नियमाला धरून आहे, पण कर्जदाराच्या फायद्याचं नाही. याचा मला मनापासून राग आहे.

भरताना दोन गोष्टी पाहा. अनेक सरकारी बँकांत मोरॅटोरियममध्ये व्याज नियमित भरणाऱ्याला दरात १ टक्का सवलत असते. ती आपल्या मंजुरीपत्रात आहे का, आणि मध्ये एखादा महिना चुकला तर काय होतं, ते वाचा. दुसरं, पीएम विद्यालक्ष्मी योजना. ही २०२४ साली आली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि कॉलेज योजनेच्या यादीत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. कर्ज मंजूर होण्याआधीच चौकशी करा.

पगाराचं थोडक्यात सांगतो. १२ लाखांचा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे महिन्याला लाख हातात नव्हे. बेसिक ६ लाख, व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) १ लाख ८० हजार, कंपनीचा पीएफ ७२,०००, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी २८,८६०, विम्याचे साधारण १५,००० असं धरलं, तर उरतात ९,०४,१४०. त्यातून स्वतःचा पीएफ ७२,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेला की हातात महिन्याला ६९,००० च्या आसपास. व्हेरिएबल वर्ष संपल्यावर येतं, तेही जितके महिने काम झालं तितक्याच महिन्यांचं. त्याच्या भरवशावर हप्ता ठरवू नका.

इथे माझं एक मत बदललं. कर्ज सावकाश फेडावं, व्याजावर आयकरात वजावट मिळते (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०ई), असं आधी वाटत होतं. ही वजावट व्याज भरायला सुरुवात केल्यापासून आठ वर्षंच चालते आणि ती फक्त जुन्या करप्रणालीत आहे. वर धरलेल्या पगारावर नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून कर शून्य येतो. मग वजावट कशातून घेणार? एवढ्या पगारात कर्ज रेंगाळत ठेवायला करबचतीचं कारण आता उरलेलं नाही.

दुसरं मत विषयांबद्दल बदललं. पहिले सहा महिने वाटायचं, प्लेसमेंट सोडून बाकी सगळं फुकट. आता कॉस्टिंगचा, म्हणजे खर्चाच्या हिशेबाचा पेपर सगळ्यात वर ठेवेन. विशेषतः ज्यांना पुढे धंदा करायचा आहे त्यांनी तो टाळू नये. समजा चिवड्याचं पाकीट दुकानाला ४५ रुपयांना जातं आणि कच्चा माल, पॅकिंग, पोहोच धरून ३३ लागतात. हातात राहतात १२. भाडं, मजुरी, वीज मिळून महिन्याला ६०,००० असतील तर ५,००० पाकिटं विकल्यावर धंदा बरोबरीत येतो. आता त्यात कर्जाचा १८,८४७ चा हप्ता टाका. आणखी १,५७१ पाकिटं, फक्त बँकेसाठी. घरखर्च अजून धरलेलाच नाही. नोकरीच्या वर्षात व्याज भरलं असतं तर यातली सव्वाशेएक पाकिटं दर महिन्याला कमी विकावी लागली असती. नवउद्योजकतेच्या तासाला पिच डेक (गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड) शिकवतात, हा हिशेब फळ्यावर यायला हवा.

उधारीही त्याच वर्गात शिकवावी. ५,००० पाकिटांची विक्री २,२५,००० ची, आणि सुपरमार्केटनं ४५ दिवस थांबवलं की ३,३७,००० च्या वर रक्कम बाहेर अडकते. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, पहिल्याच दिवशी करा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक रेट’च्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याजाचा हक्क आहे. शिवाय आयकराच्या एका तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच)) मुदत उलटल्यावर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते. मार्चमध्ये वसुलीचा फोन करताना याचा उपयोग होतो. नुसत्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला मात्र हे संरक्षण नाही.

माणूस म्हणून काय बदलतं? आकडा विचारायची भीड जाते. ऑफर लेटरमध्ये जॉइनिंग बोनस किती महिन्यांत सोडून गेल्यास परत करावा लागतो, हे सहीआधी विचारता येतं. ही सवय पदवीच्या कागदापेक्षा मोलाची वाटते.

एमबीए घ्यावं का? फी ४-५ लाखांच्या आत असलेलं सरकारी किंवा अनुदानित कॉलेज मिळत असेल तर नक्की. १२ लाखांचं कर्ज काढून घेणार असाल तर मोरॅटोरियमचं व्याज कोण, कधीपासून भरणार ते घरात आधी ठरवा.

हप्ता सुरू झालेल्यांसाठी: बदलत्या दराच्या अशा शैक्षणिक कर्जावर मुदतपूर्व फेडीला दंड नसतो. जादा रक्कम भरली की ती मुद्दलात वळवा आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असं शाखेला लेखी द्या, आणि परतफेडीचं नवं वेळापत्रक शिक्क्यासह मागून घ्या.