'कंट्रोल' की 'लॉगआउट'? एकच संध्याकाळ हातात असेल तर

दीड दिवसाचा गणपती पोचवला की आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या घरात एक संध्याकाळ अशी येते की कोणालाच काही काम नसतं. नेवऱ्यांचे डबे अर्धे झालेले, बाहेर पाऊस, मग सगळी भावंडं टीव्हीपुढे बसून काय लावायचं यावर पाऊण तास भांडतात आणि शेवटी कोणीतरी जुनाच कॉमेडी पिक्चर लावून टाकतो. यंदा भाचीने आधीच जाहीर केलं, रीलवाल्यांचा थ्रिलर पायजे, फेमस होऊन वाट लागते तसला, पण भूतबित नको. 'कंट्रोल' आणि 'लॉगआउट' हे दोन तसले, दोन्ही मी आधी बघितलेले म्हणून निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हा जे बोललो तेच जरा नीट लिहितोय, कारण हा प्रश्न मला नंतर अजून तिघांनी विचारला.

'कंट्रोल' नेटफ्लिक्सवर आहे, ऑक्टोबर २०२४ चा, विक्रमादित्य मोटवानेचा. पोस्टरवर नाव कीबोर्डवरच्या बटणासारखं चार अक्षरांत, CTRL असं लिहिलंय, सर्च करताना ते लक्षात ठेवा. 'लॉगआउट' झी फाइव्हवर, एप्रिल २०२५ चा, दिग्दर्शन अमित गोलानीचं आणि लेखन बिस्वपती सरकारचं. दोन्ही हिंदी, दोन्ही दोन तासांच्या आत संपतात, म्हणजे जेवणाआधी लावला तर जेवायला उशीर नाही.

'कंट्रोल'मध्ये अनन्या पांडे आहे नेला नावाच्या पोरीच्या रोलमध्ये. ती आणि तिचा बॉयफ्रेंड जो दोघं मिळून चॅनल चालवतात, प्रेम हाच त्यांचा धंदा, आणि एक दिवस लाइव्ह चालू असतानाच ती त्याला दुसऱ्या मुलीबरोबर पकडते. सगळ्या जगासमोर. जोचं आडनाव मास्कारेन्हास आहे, ते ऐकल्यावर आमच्याकडे सगळ्यांचे कान टवकारले आणि मामा म्हणाला, "आमचोच न्हय रे तो?" (गोव्याचा पिक्चरशी काही संबंध नाही, बहुतेक सगळं मुंबईत घडतं, पण आपल्याकडचं आडनाव ऐकलं की एवढं होतंच.) मग नेला एक एआय असिस्टंट घेते, त्याचं नाव अ‍ॅलन, आवाज अपारशक्ती खुरानाचा, आणि त्याला सांगते की माझ्या सगळ्या फोटो-व्हिडिओतून जोला काढून टाक. तो काढायला लागतो. आणि मग जो खराच गायब होतो. पुढचं सांगत नाही.

याची खरी गंमत सांगण्याच्या पद्धतीत आहे. जवळजवळ सगळा पिक्चर लॅपटॉप आणि फोनच्या स्क्रीनमधूनच दिसतो, व्हिडिओ कॉल, चॅट, कॅमेरा ऑन, कॅमेरा ऑफ. लॉकडाउनमध्ये २०२० ला मल्याळममध्ये 'सी यू सून' आला होता तसा, ज्यांनी तो बघितलाय त्यांना लगेच जमेल. पण यात एक लोचा आहे, तो कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो: हा पिक्चर लांबून टीव्हीवर बघू नका. स्क्रीनमध्ये स्क्रीन, त्यात बारीक अक्षरात मेसेज, आमची मावशी नंतर लॅपटॉपवरच थोडा वेळ बघायला बसली तरी दर पाच मिनिटांनी "कितें बरयलां गो थंय?" विचारत होती आणि भाची वाचून दाखवत होती, त्यात थ्रिल कुठलं राहणार. लॅपटॉपवर हेडफोन लावून एकट्याने बघा, मग तो जास्त अंगावर येतो, कारण तुम्ही स्वतःच्याच स्क्रीनकडे बघताय असं वाटायला लागतं.

पहिला अर्धा भाग मला फार आवडला. ती पोरगी अ‍ॅप घेताना काहीही न वाचता हो हो करत जाते ना, तिथे मी जरा खाली बघितलं, कारण मीसुद्धा तेच करतो. आपल्याकडे डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात संमती कशी हवी ते लिहिलंय, पण घाईत अंगठा दाबणाऱ्याला कायदा काय करणार. दुसऱ्या भागात मात्र मोठी कंपनी, तिचा मोठा डाव, हे सगळं येतं आणि ते दाखवण्यापेक्षा समजावून सांगितलं जातं, म्हणजे बसवून लेक्चर दिल्यासारखं. विलन कंपनी असली की असंच होतं बहुतेक, कंपनीला चेहरा नसतो, मग भीती कोणाला बघून वाटायची?

'लॉगआउट'मध्ये नेमका तोच चेहरा आहे, म्हणजे खरं तर चेहरा नाही, आवाज आहे. बाबिल खान (हो, इरफानचा मुलगा) प्रत्युष नावाचा इन्फ्लुएन्सर, एक कोटी फॉलोअर्सच्या अगदी जवळ आलेला, आकडा कधी फिरतो याकडेच डोळे लावून बसलेला. आणि त्याचा फोन हरवतो. तो सापडतो एका फॅन पोरीला, आणि ती परत द्यायचं सोडून त्याच्या आयुष्यात शिरते. बस, एवढीच गोष्ट. एक घर, एक माणूस आणि समोरून बोलणारी एक पोरगी, जी त्याच्यावर जीव टाकते. बाबिलने जवळजवळ एकट्याने ओढलाय सगळा पिक्चर, सुरुवातीला जो माज आहे तो हळूहळू कसा उतरतो ते बघण्यासारखं आहे.

लॉजिक शोधायला गेलात तर दोनतीन ठिकाणी अडकाल, हा अमुक का करत नाही, तमुकाला का सांगत नाही. मामा तर मध्येच ओरडला की अरे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय नंबर टाकून फोन ब्लॉक कर ना. बरोबर आहे मामा, खऱ्या आयुष्यात तसंच करायचं, पण माझं म्हणणं, ब्लॉक होईपर्यंत समोरच्याने उघड्या फोनमधून चॅट, फोटो, पासवर्ड सगळं बघून घेतलेलं असतं, आणि पिक्चरची भीती तिथेच आहे. शेवट मला थोडा ताणलेला वाटला, पण 'कंट्रोल'सारखं लेक्चर नाही.

आता माझं मत 'लॉगआउट'कडे का झुकतं ते सांगतो, आणि त्याला कारण पिक्चरपेक्षा आमच्या घरातलंच आहे. गेल्या चवथीला भाचीने माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीचा, रील केला होता. माटोळीला बांधलेली रानातली फळं, सुपारीचा घड, कांगलां, घागऱ्यो, सगळं एकेक करून, आरती थांबवून अकरा टेक. मावशी हातात निरांजन घेऊन उभी, म्हणाली "आतां पुरो गो, देव वाट पळयता." रील चालला, तिच्या मानाने खूपच चालला, कमेंटमध्ये सगळीकडे मोरया मोरया. आणि त्यात एक कमेंट, अनोळखी अकाउंट, प्रोफाइलला फोटो नाही: निळ्या दाराचं घर ना, परवा समोरूनच गेलो. बस एवढंच, खाली एक हसणारा इमोजी. रीलमध्ये दार कुठेच दिसत नव्हतं. दिसत होती ती खिडकीतून मागची तुळस आणि शेजारच्यांचं कौल. भाचीने हसण्यावारी नेलं, मी मात्र दोनदा उठून कडी बघून आलो.

आपल्याकडे कसं, गाव छोटं, कोणाचं घर कोणाचं ते दोन माणसांना विचारलं की कळतं. मुंबईत फॅनला पत्ता शोधायला कष्ट पडतील, इथे तिठ्यावरचा चहावाला सांगेल, वर रस्ताही दाखवेल. म्हणून मोठ्या कंपनीपेक्षा "तुझे सगळे रील बघते गो मी" म्हणणाऱ्याची मला जास्त भीती वाटते, आणि 'लॉगआउट' तीच भीती दाखवतो. ज्याला कंपन्यांची जास्त वाटते, जो नवीन एआय अ‍ॅप आलं की पहिल्या दिवशी टाकतो, त्याने 'कंट्रोल' आधी बघावा.

घरच्यांबरोबर बघायचा असेल तर सरळ 'लॉगआउट', टीव्हीवर, मोठ्यांनाही कळतो, कारण फोन हरवणं सगळ्यांना माहीत असतं. बांधणी जास्त चांगली कुठली म्हणाल तर 'कंट्रोल'ची, तो जास्त हुशार पिक्चर आहे, पण हुशारी आणि घाबरवणं या दोन वेगळ्या गोष्टी.

कोणाला इंग्रजी चालत असेल तर २०१७ चा 'इन्ग्रिड गोज वेस्ट' पण आहे, ऑब्री प्लाझाचा. त्यात गोष्ट फॅनच्या बाजूने आहे, एक एकटी पोरगी इन्स्टाग्रामवरच्या एका बाईच्या मागे थेट लॉस एंजेलिसला जाऊन राहते, तिची मैत्रीण बनायला. थ्रिलरपेक्षा कॉमेडी जास्त, पण हसता हसता मध्येच पोटात गोळा येतो. 'लॉगआउट' बघून त्या फॅन पोरीच्या डोक्यात काय चाललं असेल असा प्रश्न पडला तर मग हा बघा, आधी नको.

तर त्या संध्याकाळी आम्ही 'लॉगआउट' लावला. मध्ये एकदा करंट गेला, इन्व्हर्टरवर टीव्ही चालत नाही, दहा मिनिटं अंधारात बसून सगळ्यांनी अंदाज लावले, मामाचा अंदाज चुकला. 'कंट्रोल' भाचीने दुसऱ्या दिवशी पडवीत लॅपटॉपवर बघितला, मावशी थोडा वेळ येऊन बसली आणि ते बारीक मेसेज वाचून कंटाळून उठली. संपल्यावर भाचीने मला एवढंच विचारलं, मामा, फोटोतून एक्सला काढणारं ते अ‍ॅप खरंच मिळतं का?

नेवरी खा म्हटलं.