कंपनीच्या अलार्मला जोडलेला शॉक सेन्सर: माझा अनुभव

माझ्या गाडीचा मूळ अलार्म दार, बॉनेट किंवा डिकी उघडली तरच वाजतो. काच फोडून कोणी आत हात घातला, तर तो गप्पच. म्हणून दोन टप्प्यांचा, म्हणजे हलका आणि जोराचा धक्का वेगवेगळा ओळखणारा, शॉक सेन्सर बसवून घेतला आणि मी मनापासून खूश आहे.

वायरी चारच: १२ व्होल्ट, अर्थिंग, हलक्या धक्क्याची आणि जोराच्या धक्क्याची. हलक्या धक्क्याची वायर फक्त छोटा इशारा देण्यासाठी असते, पण मूळ अलार्मला असा इशारा वगैरे कळत नाही, त्यामुळे ती टेप लावून बंद ठेवली. जोराच्या धक्क्याची वायर बॉनेटच्या स्विचला जोडली. माझ्या गाडीत बॉनेट उघडलं की स्विचची वायर अर्थिंगला जोडली जाते आणि सेन्सरही धक्का बसल्यावर क्षणभर तेच करतो. काही गाड्यांत हे उलट असतं, म्हणून आधी मल्टिमीटरने तपासायलाच हवं. अलार्म लावलेला नसताना सेन्सर कितीही हलला तरी काही होत नाही, त्यामुळे खड्ड्यांची चिंता नाही.

जागा मात्र नीट निवडा. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकवर तो बधिर वाटला. आतल्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधल्यावर काचेवरची थापही पकडू लागला. संवेदनशीलतेचा स्क्रू कमीकडून हळूहळू वाढवावा. जास्त ठेवला तर शेजारून ट्रक गेला तरी भोंगा वाजतो, आणि मग त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

गाडी उचलून नेली तर मात्र हा ओळखेलच असं नाही. त्यासाठी गाडी तिरकी झाल्याचं ओळखणारा टिल्ट सेन्सर वेगळा लागतो.