कर्ज आधी फेडावं की पैसे गुंतवावेत?

हातात थोडे जास्तीचे पैसे आले की हा प्रश्न पडतोच. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर मात्र वादच नको, आधी ती फेडा. खरा पेच पडतो तो गृहकर्जात.

1,00,000 चं कर्ज, 9 टक्के व्याज, 20 वर्षांची मुदत धरा. हप्ता येतो साधारण 900. पहिल्या हप्त्यातले 750 नुसत्या व्याजात जातात, मुद्दल कमी होतं जेमतेम 150 नं. (कर्जाच्या हप्त्यांचं वेळापत्रक एकदा तरी नीट वाचा, डोळे उघडतात.) म्हणून सुरुवातीच्या वर्षांत जादा भरलेला पैसा सर्वात जास्त काम करतो. दरवर्षी एक हप्ता जादा भरला तर कर्ज सुमारे साडेतीन वर्षं आधी संपतं. शिवाय वाचलेलं 9 टक्के व्याज म्हणजे पक्का, बिनजोखमीचा परतावा.

शेअर बाजार दीर्घकाळात याहून जास्त देऊ शकतो, पण हमी कसलीच नाही. 2008 मध्ये अमेरिकेचा एस अँड पी 500 हा शेअर निर्देशांक लाभांश धरूनही सुमारे 37 टक्के खाली आला होता. त्या वर्षी नोकरीही गेली असती तर? गुंतवणुकीच्या बाजूनं एक मुद्दा मात्र वजनदार आहे: शेअर विकून पैसे हाती येतात, कर्जात भरलेले सहजी परत मिळत नाहीत.

माझा कौल फेडण्याकडे, पण सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच. कर्जाचा दर 5 टक्क्यांच्या आसपास असता, तर मी बिनदिक्कत गुंतवले असते.