गॅसचा ट्रक घ्यायचा ठरलाय, मग एलएनजी की बायोगॅस?

प्रश्न जरा फसवा आहे, कारण दोन्हींत जळतो तो मिथेनच. तो जमिनीखालून आला की शेणातून, याच्याशी इंजिनाला देणंघेणं नसतं. ठरवायच्या गोष्टी खरं तर दोन : गॅस गाडीवर द्रवरूपात वाहायचा की दाबाखाली, आणि आणायचा कुठून.

एलएनजी म्हणजे उणे १६२ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू. द्रव झाला की त्याचं आकारमान सुमारे ६०० पटींनी घटतं, आणि लांब पल्ल्याच्या मालकाला तो आवडतो तो यासाठीच. २०० बार दाबाच्या सीएनजी सिलिंडरमध्ये जेवढा गॅस मावतो, त्याच्या साधारण अडीचपट तेवढ्याच जागेत द्रवरूपात मावतो. डिझेलशी मात्र त्याची बरोबरी नाही. एक लिटर डिझेलचं काम करायला सुमारे १.७ लिटर एलएनजी लागतो, त्यामुळे टाक्या मोठ्या असतात.

टाकी दुहेरी भिंतीची, मधे निर्वात पोकळी. थर्मासच म्हणा ना. पण कितीही चांगला थर्मास असला तरी आत उष्णता शिरतेच. गाडी बरेच दिवस उभी राहिली की द्रवाची वाफ होते, टाकीतला दाब चढतो आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून गॅस हवेत जातो. पैसे तर जातातच, शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २५ ते ३० पट तापमानवाढ करतो. भरताना हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल हवीच, कारण थेंब उडाला तर कातडी गोठते. एलएनजीला वासही नसतो, म्हणून गळती नाकाला कळत नाही, डिटेक्टर लागतो. (एक बरं आहे, रात्री पाइप घालून टाकीतून इंधन चोरणं इथे जमत नाही.)

आता बायोगॅस. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन ५० ते ६५ टक्के, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड, जो धातू खातो. हा कच्चा माल ट्रकमध्ये चालत नाही. शुद्ध करून मिथेन ९५ टक्क्यांच्या वर नेला की त्याला बायोमिथेन म्हणतात. तो सिलिंडरमध्ये दाबून भरता येतो, किंवा थंड करून द्रवही करता येतो. द्रव बायोमिथेन एलएनजीच्याच टाकीत जातो. म्हणजे आज एलएनजीवर घेतलेल्या गाडीत उद्या तो भरताना इंजिन बदलावं लागत नाही.

पर्यावरणासाठी गॅसकडे वळत असाल, तर दोघांतला फरक मोठा आहे. तेवढ्याच उष्णतेसाठी नैसर्गिक वायू डिझेलपेक्षा सुमारे २५ टक्के कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो. पण गॅसच्या ट्रकमध्ये बहुधा असतं ते स्पार्क प्लगचं इंजिन डिझेल इंजिनाइतकं कार्यक्षम नसतं, आणि वाटेत गळती झाली तर उरलेला फायदाही विरतो. थोडं डिझेल फवारून गॅस पेटवणारी इंजिनं कार्यक्षमतेची ही तूट बरीचशी भरून काढतात. बायोगॅसचा कार्बन मुळात झाडापाल्याने हवेतूनच घेतलेला. त्यात शेण उघड्यावर कुजून जो मिथेन हवेत गेला असता तो अडवला, तर हिशेब शून्याच्याही खाली जाऊ शकतो. प्लांटच गळका असेल तर हे सगळं मुसळ केरात.

गाडीला फायदा दोन्हींत सारखाच : धुराचे कण कमी आणि स्पार्क इंजिनाचा आवाज कमी. डिझेल गाडीत धूर साफ करायला घालतात ते युरियाचं द्रावणही अशा अनेक इंजिनांना लागत नाही. बदल्यात प्लग वेळेवर बदलावे लागतात.

माझं मत विचाराल तर आधी फेरी बघा. संध्याकाळी गाडी डेपोत परत येते आणि जवळ बायोगॅसचा प्लांट आहे? मग सिलिंडरवाली गाडी आणि शुद्ध केलेला बायोगॅस घ्या, द्रव टाकीचा व्याप कशाला. सिलिंडर जड असतात, तेवढा माल कमी बसेल, हे मात्र भाड्यात धरा. प्लांटवाल्याला तीन गोष्टी विचारा : रोज किती किलो नक्की देणार, शुद्धतेचा रिपोर्ट कुठे आहे, आणि कच्चा माल वर्षभर येतो का. तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात.

गाडी दिवसेंदिवस बाहेर आणि वाटेवर एलएनजीचे पंप आहेत, तर द्रव टाकीच घ्या आणि द्रव बायोमिथेन मिळेल तसा भरत राहा. गाडी हंगामात पळते आणि एरवी आठवडेच्या आठवडे उभी असते, तर एलएनजीच्या वाटेला जाऊ नका.