'थायरॉइड मुळापासून बरा' करणाऱ्या शिबिरांपासून सावध राहा

लालबागला आमच्या चाळीजवळच्या हॉलमध्ये 'मोफत थायरॉइड तपासणी'चा बॅनर लागला आणि सासूबाई शेजारणीसोबत जाऊन आल्या. तपासणी कसली, तर हातात धातूची कांडी धरायला द्यायची आणि लॅपटॉपमधून पानंच्या पानं रंगीत रिपोर्ट काढायचा. रक्ताचा थेंबही घेतला नाही. 'गोळी आयुष्यभर कशाला? तीन महिन्यांत मुळापासून बरा,' म्हणत चूर्णाचं १८,००० रुपयांचं पॅकेज गळ्यात मारलं. इतकी वर्षं चालू असलेली थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या कमी पडणाऱ्या संप्रेरकाची) गोळी त्याच दिवशी बंद.

खरी मेख इथेच आहे. रक्तातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायलाच साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे गोळी सोडल्यावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. सासूबाई खूश. "बघ गं, गोळीवाचून काही अडलं का?" पुढे चेहरा सुजला, पोट साफ होईना, भर मे महिन्यात अंगावर शाल. शिबिरवाल्यांना फोन केला की उत्तर ठरलेलं: "विष बाहेर पडतंय, चांगलंच आहे. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) मात्र आत्ता करू नका, रिपोर्ट चुकीचा येतो." तपासणी करू नका म्हणणारा कोणीही भेटला की तिथूनच उठा.

एके सकाळी भाजी घेता घेता सासूबाई कोसळल्या. सरकारी रुग्णालयात ईसीजी काढला, नाडी ३६. पेसमेकरची भाषा सुरू झाली. तेवढ्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी घोट्यामागे रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर यायला रेंगाळलं. "थायरॉइडची गोळी चालू आहे ना?" टीएसएच १००च्या वर निघालं; थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो. थायरॉइड फार कमी झालं की हृदयाचे ठोके मंदावतात, ईसीजीतला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबतो, ठोक्यांची जिवावर बेतणारी बिघडलेली लयही सुरू होऊ शकते, असं त्यांनी समजावलं. पेसमेकर टळला. गोळी कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवली. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या त्यानंतर ४ तासांनी.

पैसे मागायला गेलो तर म्हणे, "पथ्य मोडलंत." पावतीवर चूर्णाचं नावच नाही, नुसतं 'आहार सल्ला'. १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत गलगंड (थायरॉइड ग्रंथीची सूज) आणि हृदयविकार दोन्ही आहेत, त्यांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही. शेजारणीच्या मोबाइलमध्ये बॅनरचा फोटो निघाला. तो जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे.