चाळीसचा प्लॅन आणि उसाची ट्रॉली

केज तालुक्यात माझं किराणा दुकान आहे. पोरगी दहावीला. शाळेतले विज्ञानाचे सर रोज संध्याकाळी सात ते आठ मोबाइलवर उजळणी घेतात, त्यासाठी ऑगस्टात इथल्या एका केबलवाल्याकडून फायबरचं नेट घेतलं. महिना 499, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 589 गेले. स्पीड 40 एमबीपीएस.

चालू असतं तेव्हा झकास चालतं, खोटं कशाला बोलू. आधी मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी. भर पावसात पोरगी एका हातात छत्री, एका हातात फोन धरून तास ऐकायची. फायबर आलं तसं ती खाली घरात, टेबलावर वही मांडून बसायला लागली. दिवाळीपर्यंत मीच गावभर सांगत होतो, घ्या म्हणून.

मग कारखाने सुरू झाले. ह्यांची वायर लाइटच्या खांबांवरून रस्ता ओलांडून येते, आणि मधे इतकी लोंबते की उसाची ट्रॉली जरा उंच भरली की गेलीच तुटून. संक्रांतीपर्यंत चार वेळा तुटली. घरातल्या नेटच्या डब्यावर लाल दिवा लागला की पोरगी नुसती माझ्याकडं बघती. फोन केला की उत्तर ठरलेलं, "शेठ, उद्या माणूस पाठवतो." काचेच्या वायरीला जोड मारायचं मशीन एकच, ते दुसऱ्या गावाला गेलेलं. पहिल्या वेळी तीन दिवस लागले. त्यातल्या एका संध्याकाळी सर प्रकाशाचं अपवर्तन शिकवत होते. पोरगी म्हणली, "पप्पा, आपल्या वायरीतून उजेडच जातो, तोच तुटलाय." मला हसावं का रडावं कळेना.

लाइट गेली की डबा बंद, म्हणून 1,400 रुपयांचा छोटा यूपीएस आणला. तरी नेट जायचं. विचारलं तर कळलं, गावातल्या त्यांच्या मेन डब्याची बॅटरीच उतरलेली. म्हणजे माझे 1,400 शोभेला.

पोरीनं तिच्यापुरता मार्ग काढलाय. नेट असेल तेव्हा पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा अ‍ॅपवरचे व्हिडिओ उतरवून ठेवती, रात्री नेट नसलं तरी बघती. सोय चांगली आहे. पण व्हिडिओला शंका विचारता येत नाही, आणि हिला शंकाच लई. सरांचा तास रेकॉर्ड होत नाही. मधेच तुटून परत जोडलं की पहिली पाच मिनिटं "सर, ऐकू येतंय का" मधेच जातात.

बंद पडलेले दिवस रिचार्जमध्ये वाढवून द्या म्हणलं, तर सिस्टममध्ये होत नाही म्हणे. रिचार्ज संपायच्या तीन दिवस आधीपासून मेसेज मात्र न चुकता येतो.

पाचातले अडीच तारे देतो. अर्धा तारा जोड मारायला येणाऱ्या पोराला, बिचारा रात्री दहाला मोटारसायकलवर येतो. घेणार असाल तर स्पीड नंतर विचारा. वायर कोणत्या रस्त्यावरून येणार आणि मेन डब्याला बॅटरी कधीची आहे, हे आधी डोळ्यानं बघून घ्या.

परवा दुकानासमोरची वायर मीच बांबू रोवून चार फूट वर घेतली. बांबूचे पैसे बिलातून वजा करा म्हणलो, तर फोनच ठेवला.