इंग्लंडमधल्या संडरलँडच्या फुटबॉल स्टेडियमजवळचा पब: करी नको, गप्पा ऐका

मॅचच्या दिवशी जायचं असेल तर किकऑफच्या दोनेक तास आधी पोचा, नाहीतर बसायचं सोडा, आत शिरता पण येत नाही. बिअर ठीकठाक, मीट पाय (मांस भरलेली पेस्ट्री) कोमट, आणि चिकन करी चुकूनही मागवू नका, हळद घातलेलं गोड पाणी आहे नुसतं. तरी मी चार स्टार देतोय ते फक्त तिथल्या मंडळींमुळे.

संडरलँड क्लबचं स्टेडियम ऑफ लाइट १९९७ ला जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर झालं, त्यामुळे गप्पा खाणीवरून सुरू होतात, मग निसानचा कारखाना, मग ब्रेक्झिट. २०१६ ला इथे ६१ टक्के मतं युरोपियन युनियन सोडायला पडली, तेही निसानच्या बऱ्याच गाड्या युरोपात जात असताना! मी विचारलं तर एक आजोबा म्हणाले, लंडनवाल्यांनी आमचं ऐकलं कधी? बाजूचा पोरगा लगेच तडकला, आता युरोपातला प्लेअर आणायला पण परवान्यासाठी पॉइंट्स मोजावे लागतात आणि १८ च्या आतला तर आणताच येत नाही, कोणाचं भलं झालं?

मजा म्हणजे क्लबवर दोघांचं एकमत. २०१७, २०१८ असं लागोपाठ दोनदा खालच्या लीगमध्ये घसरलेली टीम २०२५ ला सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमध्ये परत आणली ती फ्रेंच कोच ले ब्रीने, मालक लुई-ड्रेफस पण युरोपातलाच, त्याबद्दल आजोबांची काही तक्रार नाही हं.

कार्ड चालतं. टॉयलेटला मात्र मोठी रांग.